सिंधुताईंचा लाल टॅग

भिलाईच्या रुआबांध्यात सिंधुताई कापगत्यांचं घर विचारलं तर क्वार्टरचा नंबर कोणी सांगत नाही. पांढरी गाडी उभी असते तेच, असं सांगतात. गाडी लहान आहे, जुनी आहे, सेकंडहँड घेतलेली आहे. तिच्या मागच्या काचेवर देवाचं नाव नाही की मुलाचं नाही. मागच्या काचेतून मागचं दिसावं, तेवढंच तिचं काम, असं सिंधुताईंचं म्हणणं. या गाडीतून क्वार्टरांच्या ओळीतल्या बायका दवाखान्यात गेल्या, लग्नांना गेल्या, बोरसीत दिलेल्या लेकींकडे गेल्या. एकदा एक बाळंतीण बाळासकट घरी आली, तेव्हा सिंधुताईंनी गाडी इतकी हळू आणली की मागचा ऑटोवाला पुढे येऊन विचारून गेला, "बाई, बारात है क्या?" भाड्याचं कोणी नाव काढलं की त्या रागावत. मग बायका उतरताना मागच्या सीटवर मुद्दाम काहीतरी विसरून जात. कधी पपई, कधी मुनग्याच्या शेंगा, कधी वाळवणाचा डबा.

पण त्या फेब्रुवारीत गाडीवर कव्हर चढलं ते उतरेना. उतरलं ते एका रविवारी सकाळी, आणि तेही गिऱ्हाईक गाडी पाहायला येणार होतं म्हणून.

झालं होतं ते अंडरब्रिजखाली. सिंधुताई समोरच्या क्वार्टरमधल्या बेबीताईंना घेऊन बाजारातून परत येत होत्या. पुलाखाली नेहमीसारखं काळं पाणी साचलेलं. बाजूने एक ट्रक वेगात गेला आणि समोरच्या काचेवर चिखलाची अख्खी चादर पडली. सिंधुताईंनी स्टेअरिंगजवळचा दांडा ओढला, म्हणजे काचेवर पाणी उडतं. निदान ओढला असं त्यांना वाटलं. पाणी आलं नाही. वायपर मात्र इमानदारीने चालला आणि चिखल काचभर सारवून मोकळा झाला. समोर काहीच दिसेना. ब्रेक लागेस्तोवर गाडीची डावी बाजू भिंतीला घासत गेली. लागलं कोणाला नाही. बेबीताईंच्या बांगड्या तेवढ्या फुटल्या.

बेबीताईंचा जीव सिंधुताईंवर फार, पण गोष्ट पोटात ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. "सिंधूले समोरचं दिसलंच नाई बाप्पा," असं त्यांनी एका घरी सांगितलं. ते वाक्य ओळीतून फिरत फिरत रायपूरला पोचलं. सिंधुताईंचा मुलगा शुभम तिथे नोकरीला आहे. त्याचा फोन आला.

"आई, अब बस हो गया. गाडी काढून टाकू."

"अरे, काचेवर चिखल उडला होता."

"मग पाणी कावून नाही मारलं?"

"मारलं ना. आलंच नाही."

"तू नक्की दांडा ओढला होता का? घबराहट में भलताच दाबला असशील."

सिंधुताई आठवू लागल्या. ओढला होता का? हाताला आठवत होतं, डोक्याला आठवत नव्हतं. भिंत जवळ येताना माणूस काय करतो ते त्याला नंतर सांगता येत नाही. त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. "तुले जे बरं वाटते ते कर," असं म्हणून टाकलं. शुभमने जवळच्या चरोद्याचं एक गिऱ्हाईकही शोधलं.

तेव्हापासून त्या रोज सकाळी अंगणात उभ्या राहून दूरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचून पाहत. कधी वाचता येत, कधी ती धुक्यात असत, आणि धुकं बाहेर आहे की आपल्या डोळ्यांत, याचा त्यांना पत्ता लागत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र जात नव्हत्या. डॉक्टरने एकदा सांगितलं की संपलं, ही भीती. ज्या बाईने जळून काळ्या झालेल्या मोटरी उघडल्या, ती बाई एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढायला भीत होती.

त्या मोटरींचं सांगितल्याशिवाय सिंधुताई कळायच्या नाहीत.

त्यांचं माहेर साकोलीकडचं, धानाच्या बांध्यांतलं. लग्न होऊन भिलाईला आल्या तेव्हा केवलरामने, त्यांच्या नवऱ्याने, त्यांना दुर्ग स्टेशनावरून सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलं. पुढची सगळी वर्षं त्या कॅरियरवरच गेली. सिनेमाला तसंच, दवाखान्यात तसंच. समोर नवऱ्याची पाठ, आणि रस्ता म्हणजे बाजूने मागे जाणारी झाडं. मग केवलराम काविळीने गेला. शुभम तेव्हा शाळेत होता. तो ज्या पोलाद कारखान्यात होता तिथे माणसाच्या मागे त्याच्या बायकोला नोकरी मिळे, तशी सिंधुताईंना मिळाली. जळालेल्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या शॉपमध्ये. पहिल्या दिवशी त्यांना झाडू देण्यात आला. तो त्यांनी मारलाही. पण झाडताना तांब्याच्या तारेचे तुकडे वेगळे, कागदाचे वेगळे, असे ढीग लावलेले तिथल्या चंपत मिस्त्रींनी पाहिले आणि त्यांना वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरीत तार भरायच्या, टेबलावर बसवलं.

चंपत मिस्त्री तोंडाने फटकळ, शिकवायला उदार. त्यांनी सिंधुताईंना दोन गोष्टी अशा शिकवल्या की त्या हाडात गेल्या. पहिली म्हणजे टॅग. कोणत्याही मशीनला हात लावायच्या आधी तिची वीज तोडायची आणि स्वतःच्या नावाचा लाल टॅग बटनाला लटकवायचा. मग साहेब येवो की साहेबाचा साहेब, ते बटन कोणी दाबायचं नाही. ज्याने लावला तोच काढेल. टॅगमागे माणसाचे हात आत असतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पंचनामा. जळालेली मोटर आली की लगेच नवी तार भरायला बसायचं नाही. आधी ती का जळाली ते शोधायचं. "नाहीतर तू भरशील आन् ते पुन्हा मरन," चंपत मिस्त्री म्हणत. "मेलेलीले विचार, तुले कोणं मारलं."

सिंधुताई विचारत गेल्या. मोटर चालू असताना लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक तिच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, हेही त्या शिकल्या. पुढे पुढे शॉपमधले लोक अवघड मोटर आली की म्हणत, "बाईला ऐकवा." रिटायर झाल्या त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तसा एक पत्र्याचा लाल टॅगही मिळाला. शॉपच्या पोरांनी मुद्दाम रंगवून घेतलेला. वर 'खतरा, काम चालू है' आणि खाली 'सिंधु कापगते'. घड्याळ त्यांनी शुभमला देऊन टाकलं. टॅग स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत राहिला.

मग त्यांनी गाडी घेतली आणि शिकल्या. ज्या वयात ओळीतल्या बायका ऑटोत चढायला दुसऱ्याचा हात मागू लागल्या होत्या, त्या वयात. शिकवणारा मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला, "आंटी, डर लग रहा है?" सिंधुताई म्हणाल्या, "नाही रे बाबा. पहिल्यांदा रस्ता समोरून येताना दिसून राहिला, तो पाहून राहिली."

तर तो रविवार. गिऱ्हाईक दुपारपर्यंत येणार होतं. सिंधुताईंनी कव्हर काढलं, गाडी धुतली, घासलेल्या डाव्या बाजूवरून फडकं जरा जास्तच फिरवलं. शेवटी काच धुवायची म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, चाबी फिरवली आणि सवयीने दांडा ओढला.

काहीच झालं नाही. काचेवर थेंब नाही. वायपर कोरड्या काचेवर घसरत गेला. त्यांनी पुन्हा ओढला. तेच. चाबी बंद केली, चालू केली, अगदी सावकाश, स्वतःच्या हाताकडे पाहत पुन्हा ओढला. तेच.

सिंधुताईंनी दांड्यावरचा हात काढला. मग काच खाली करून समोरच्या घराकडे तोंड करून म्हणाल्या, "बेबी, वं बेबी. इकडं ये."

बेबीताई पीठ लागलेल्या हातांनीच आल्या. "काय वं? आलं का गिऱ्हाईक?"

"त्या दिवशी मी दांडा ओढला होता."

"मंग? मी कुठं नाई म्हटलं?"

"तू म्हटलं, सिंधूले दिसलंच नाई."

"दिसलं कुठं होतं?" बेबीताई म्हणाल्या. "मलेही नाई दिसलं. मी तर डोळे मिटले होते."

सिंधुताईंना हसू आलं. अंडरब्रिजनंतर पहिल्यांदा. "हात धू आन् गाडीत बस. तुले काम आहे."

बेबीताई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि एकदम सरळ झाल्या, फोटो काढायला बसवल्यासारख्या. सिंधुताईंनी बॉनेट उघडलं. आधी काच धुवायच्या पाण्याची छोटी टाकी पाहिली. भरलेली होती. मग काचेखालच्या पाणी उडवणाऱ्या भोकांत सुई घालून पाहिली. मोकळी होती. मग लांब पेचकस आणला, त्याचं टोक टाकीच्या तळाशी बसवलेल्या छोट्या पंपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"ओढ."

बेबीताईंनी ओढला.

"ओढला का?"

"ओढून राहिली ना. वायपर नाचून राहिला, दिसत नाई का तुले?" बेबीताई बोलल्या आणि जीभ चावली.

सिंधुताईंचं लक्ष कानात होतं. पेचकसातून काही येत नव्हतं. गुणगुण नाही, खरखर नाही. अडकलेली मोटर कण्हते. ही कण्हतही नव्हती. वायपर चालतो आहे म्हणजे फ्यूज शाबूत असावा. राहिलं एकच, वीज पंपापर्यंत पोचते की नाही. त्यांनी पंपाची पिन काढली आणि घरून टेस्ट लॅम्प आणला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. वायरी पिनेत टेकवून म्हणाल्या, "ओढ." बल्ब पेटला. "सोड." विझला. "ओढ." पेटला.

दिवसाउजेडी त्या बल्बचा उजेड तो काय. पण सिंधुताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. दांडा बरोबर होता, वायर बरोबर होती, हातही बरोबर होता. मेला होता तो पंप.

"उतर आता," त्या म्हणाल्या. त्यांनी बॅटरीची वायर सोडवली, घरात गेल्या, खिळ्यावरून लाल टॅग काढून आणला आणि स्टेअरिंगला बांधला.

"अवं, घरची गाडी हाये, भट्टी नाई," बेबीताई म्हणाल्या. "कोण दाबणार हाये बटन? मांजर?"

"कोणीही. लावला म्हंजे लावला."

टाकीचे बोल्ट सुटले, टाकी वर आली, पंप रबराच्या बुचातून ओढून काढला. पाणी सांडेल म्हणून सिंधुताईंनी खाली बादली ठेवली होती. पण पाणी सांडलं नाही. भोकातून पिवळट पांढरं काहीतरी हळूहळू खाली आलं, विरजण नीट न लागलेल्या दह्यासारखं, आणि बादलीत पडलं.

बेबीताईंनी वाकून वास घेतला. "सिंधू, हे तर साबण हाये."

सिंधुताईंना वासाची गरज नव्हती. तो साबण त्या डोळे मिटून ओळखत होत्या. कारखान्यात कामगारांना अंग धुवायला साबणाच्या वड्या मिळत. घासून घासून संपत नाहीत अशा. रुआबांध्यात असं जुनं घर नाही जिथे पेटीत, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी त्या वड्यांचा साठा नाही. माणसं रिटायर झाली, काही देवाघरी गेली, साबण आहेच. त्याने कपडे धुतात, भांडी घासतात, जाम झालेल्या खिडक्यांना फासतात. सिंधुताईंनी तो किसणीवर किसून गाडीच्या टाकीत टाकला होता. काच चकाचक राहावी म्हणून. एकदा नाही, दर वेळी टाकी भरताना. हिवाळ्याच्या थंडीत तो गोठला, तळाशी बसला आणि पंपाच्या तोंडात बूच होऊन बसला.

त्या पायरीवर बसल्या. पंचनामा पुरा करायचा म्हणून पेचकसाने पंप उघडला. आतून जळाल्याचा तो वास आला. ज्या वासात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, तोच, फक्त चिमूटभर. पात्याजवळून साबणाचं पाणी मोटरीत झिरपलं होतं. कार्बनचे तुकडे झिजून काळे पडले होते, चक्राला गंज चढला होता. साबण खेचायला जोर करता करता ही एवढीशी मोटर जळाली होती.

"मेलेलीले विचार, तुले कोणं मारलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"कोणं?" बेबीताईंनी विचारलं.

"मी."

बेबीताईंनी बादलीतला साबण बोटाने ढवळून पाहिला. मग म्हणाल्या, "तू साबण टाकला. डोळे नाई टाकले."

सिंधुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांच्या डोक्यात येत होतं, पण कोणी दुसऱ्याने म्हणायला हवं होतं. अंडरब्रिजखाली चूक त्यांचीच होती, यात शंका नाही. पण ती चूक भिंतीपाशी झालेली नव्हती. ती घरात, किसणी हातात असताना झाली होती. आणि किसणीची चूक दुरुस्त होते.

"मी सुपेल्याच्या बाजारातून नवा पंप आणून राहिली," त्या पदर खोचत उठल्या. "गिऱ्हाईक आलं तर बसव. पण टॅगले हात लावू देऊ नको."

"पण विकायचीच हाये तर नवा कावून टाकतं? त्यालेच टाकू दे."

"शॉपमधून मेलेली मोटर मी कधी कोणाले दिली नाही, बेबी." त्या ऑटो पाहायला कोपऱ्यापर्यंत गेल्या. मनात दुसरंच काही होतं, पण ते अजून त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

नवा पंप घेऊन परत आल्या तेव्हा अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोन माणसं बसलेली होती. पन्नाशीच्या आतबाहेरचा, जाड मिशांचा माणूस आणि त्याची बायको. बेबीताई गाडीच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या, लाटणं हातात.

"हे चंदनभाऊ आन् ह्या नूतन. चरोद्याचे," बेबीताईंनी सांगितलं. "आले तसे गाडी सुरू करून पाहतो म्हणत होते. मी म्हटलं, दाराले हात लावून पाहा."

"बरोबर केलं त्यायनं," चंदन उठून हसत म्हणाले. "ताई, मी रेल्वेच्या यार्डात डब्याच्या दुरुस्तीले हावो. आमच्या इथं डब्याखाली माणूस गेला की दोन्ही बाजूनं लाल झंडी लागते. ज्यानं लावली त्यानंच काढायची. स्टेअरिंगवर टॅग पाहिला आन् चूपचाप बसलो. घरच्या गाडीले टॅग लावणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं."

"मी तर रोज पाहते," बेबीताई म्हणाल्या. "उद्या ही कुकरले लावन."

सिंधुताईंनी चहा ठेवायला सांगितलं आणि कामाला लागल्या. टाकी कोमट पाण्याने खळबळून धुतली, पुन्हा धुतली, नितळ पाणी येईस्तोवर. जुनं रबराचं बूच काढून नवं बसवलं. पंप त्यात सहज जाईना. चंदन म्हणाले, "थोडा साबण लावा, सरकन जाईन."

बेबीताई चहा आणता आणता तिथेच थांबल्या आणि हसू लागल्या. कप हिंदकळून बशीत सांडले. सिंधुताईंनी मान वर केली नाही. "या गाडीत साबण नाही," एवढंच म्हणाल्या, बुचाला साधं पाणी लावलं आणि पंप अंगठ्याने दाबून बसवला. नळी जोडली, पिन जोडली, टाकी भरली. साध्या पाण्याने. बॅटरीची वायर लावली. मग गाडीत जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने टॅग सोडला आणि कमरेला खोचला.

नूतन इतका वेळ सगळं पाहत होती. म्हणाली, "ताई, तुमी गाडी शिकल्या तवा घरी कोणी हसलं का?"

"घरी होतं कोण हसायले? ही हसली," सिंधुताईंनी बेबीताईंकडे बोट केलं. "आन् पहिली सवारी हीच झाली. तुमाले शिकायची हाये का?"

नूतनने नवऱ्याकडे पाहिलं. चंदन चहाकडे पाहू लागले. "हे शिकणार नाईत," ती म्हणाली. "गाडी मीच पाहायले आली."

"मंग या. तुमीच ओढा दांडा."

नूतन सीटवर बसली. सिंधुताई पेचकस पंपावर टेकवून, मूठ कानाला लावून वाकल्या. "ओढा."

पेचकसातून आवाज आला. बारीक, एकसारखा, स्वच्छ. आणि लगेच काचेखालच्या भोकांतून पाण्याच्या दोन धारा उडाल्या. नवा पंप जोरात होता आणि सुई घालताना भोकांची दिशा बदलली होती. धारा काच ओलांडून, टपावरून, गाडीमागे खुर्चीत बसलेल्या चंदनभाऊंच्या चहात आणि मिशांत पडल्या.

नूतनने दांडा लगेच सोडला नाही, असं बेबीताई अजूनही सांगतात.

सिंधुताईंनी चंदनना टॉवेल दिला, सुईने भोकं जरा खाली वळवली, बॉनेट लावलं आणि नूतन उतरली तशा तिच्या जागी स्वतः बसल्या. पुढच्या वेळी पाणी बरोबर काचेच्या मधोमध पडलं. वायपर फिरला. सिंधुताई आत बसून काचेतून बाहेर पाहत होत्या. ओळीच्या टोकापलीकडे ती पाण्याची टाकी दिसत होती आणि तिच्यावरची अक्षरं. दुपार झाली होती, धुकं नव्हतं. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली.

चंदन तोंड पुसत म्हणाले, "ताई, पाहायचं काही राहिलं नाही. असं जपलेलं सामान बाजारात मिळत नाही. गाडी आमाले पसंत हाये."

नेमका तेव्हा शुभमचा फोन वाजला. सिंधुताईंचे हात ओले होते. बेबीताईंनी फोन उचलून सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"आई, आले का ते? डील हो गई?"

"आले. गाडी त्यायले पसंत हाये," सिंधुताई म्हणाल्या. "शुभम, मी त्या दिवशी दांडा ओढला होता. पंप जळाला होता. मी टाकीत साबण टाकत होती, त्यानं जळाला. चूक माहीच होती."

तिकडून शुभमने विचारलं, "कारखान्याचा साबण?"

"हो."

"आई." शुभम हसतो आहे की काय, कळेना. "तू लहानपणी माझे केस पण त्यानेच धुवायची."

"आन् म्हणूनच टिकले," बेबीताई मधेच म्हणाल्या.

"शुभम, ऐक," सिंधुताई म्हणाल्या. "पंप मी बदलला. पण डोळ्याचं मले माहीत नाही. भीत होती म्हणून गेली नाही. उद्या मी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाईन. तू ये हवं तर संग. त्यानं नाही म्हटलं, तर चाबी मी स्वतः तुह्या हातात देईन, आन् एक शब्द बोलणार नाही. पण त्यानं हो म्हटलं तर गाडी इथंच राहीन. साबणाच्या पायी मी गाडी देणार नाही."

फोनमध्ये रायपूरच्या रस्त्याचे हॉर्न ऐकू येत होते. शुभम म्हणाला, "मी उद्या सुट्टी टाकतो. येतो. आणि आई, ते साबण आता फेकून दे ना."

"फेकायचं कशाले? कपडे आहेत."

फोन बंद झाला. सिंधुताई चंदनकडे वळल्या. त्यांना ओशाळं वाटत होतं. घरी बोलावून, थांबवून, भिजवून, असं. "भाऊ, तुमाले त्रास झाला."

चंदननी बायकोकडे पाहिलं. नूतन अजून ड्रायव्हरच्या सीटजवळच उभी होती, दारावर हात ठेवून. "आमच्या यार्डात," ते म्हणाले, "ज्यानं झंडी लावली त्यालेच विचारायचं, डबा जायले तयार हाये का. तुमी म्हणता नाही, तर नाही." मग म्हणाले, "पण विकायची झालीच तर पहिले मले सांगा."

"गाडी नाही मिळाली, पण गाडी चालवणं मिळन," सिंधुताई नूतनला म्हणाल्या. "डॉक्टरनं हो म्हटलं की रविवारी लोकलनं या. मैदानात घेऊन जाईन. पहिले दोन रविवार फक्त ब्रेक."

"मंग तिसऱ्या रविवारी?"

"तिसऱ्या रविवारी बेबीले मागं बसवू. तिनं ओरडणं थांबवलं की समजायचं, शिकल्या."

त्यांना स्टेशनावर सोडायला सिंधुताई गाडी घेऊन निघाल्या. चंदन पुढे बसायला गेले, तर नूतन आधीच तिथे बसलेली. ते निमूटपणे मागे बेबीताईंच्या शेजारी बसले. बेबीताईंना स्टेशनावर काही काम नव्हतं. पण नाही म्हटलं तर त्या गाडीपुढे उभ्या राहून रस्ता अडवतील असं दिसलं, म्हणून कोणी विचारलं नाही.

अंडरब्रिजजवळ येताच बेबीताईंनी दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. पुढे एक ट्रक पुलाखाली शिरत होता. सिंधुताईंनी गाडी हळू केली, मग थांबवलीच.

"कावून थांबलं?" बेबीताईंनी विचारलं.

"जाऊ दे त्याले."

ट्रक गेला. पाणी हेलकावलं, आणि तरीही थोडा चिखल उडून काचेवर आलाच. सिंधुताईंनी दांडा ओढला. पंपाची ती बारीक गुणगुण या वेळी पेचकसाशिवायच ऐकू आली. दोन धारा उडाल्या, वायपर फिरला, काच धुऊन निघाली. आणि धुतलेल्या काचेतून उजवीकडची भिंत समोर आली. तिच्यावर कमरेएवढ्या उंचीवर पांढऱ्या रंगाची एक लांब रेघ होती.

"तो पाह," सिंधुताई म्हणाल्या. "आपला रंग."

"माह्या बांगड्याही असन तिथंच," बेबीताई म्हणाल्या.

नूतनने वळून विचारलं, "काय झालं होतं इथं?"

सिंधुताईंनी पहिला गिअर टाकला आणि गाडी पाण्यात सावकाश घातली. उत्तर द्यायला बेबीताई आधीच पुढे सरकल्या होत्या.

"अवं, काचेवर हा एवढा चिखल," त्या हात पसरून सांगू लागल्या. "कोणाले दिसन बाप्पा? सिंधू म्हणून ब्रेक लावला तिनं. दुसरं कोणी असतं ना, तर आमी दोघी आज त्या भिंतीत असतो."